ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी

रविवार, संध्याकाळ. रहाटणी

अजून डोकं तापलेलंच आहे. आज चर्चमध्ये मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायच्या, प्रार्थना वाचायची पाळी दानिएलची होती. चाकणच्या कंपनीत हा ह्यांचा साहेब. मागच्या महिन्यात ह्यांना ज्या यादीने घरी बसवलं, तिच्यावर सही त्याचीच. आणि आज कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आवाज खाली आणून वाचतो काय, तर "ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या."

लाज? ती कुठून असणार!

सगळी मंडळी नेहमीसारखं उत्तर देत म्हणाली, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." मी ओठ घट्ट मिटून बसले. जन्मात पहिल्यांदा. पण सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? माझ्या शेजारून, ह्यांचा!

घरी येताना गाडीवर विचारलंच, "त्याच्या मागे कशाला म्हणालात?"

"अगं, प्रार्थना माझ्यासाठीच होती ना. मग मीच गप्प बसू होय?"

पण दानिएलचं ते आवाज खाली आणणं काही केल्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या रविवारी पाळी माझी. प्रार्थना ज्याने त्याने लिहून आणायच्या, अशी आमच्याकडे पद्धत. पहिली आत्ताच लिहून ठेवली: "जे दुसऱ्याच्या पोटावर पाय देतात, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या."

दानिएल पुढच्याच बाकावर बसतो. उत्तर त्यालाही द्यावं लागेल.

मीही आवाज खाली आणूनच वाचणार आहे.