खिडकीचा दगड

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, म्हणून तूर्त कागदावरच). तुझी कंबर कशी आहे? दार अजून वाऱ्याने आपटतं का? सविस्तर कळव. मी मात्र पुरता फसलोय.

तुला माहीतच आहे, मी राखतो ते दीपगृह राज्याच्या वारसा यादीत आहे. म्हणजे साधा खिळा ठोकायचा तरी तीन अर्ज. वरच्या खिडकीची कडी मोडकी, पण शंभर वर्षांची, म्हणून ती बदलायची नाही. मग मी खिडकीला दगड लावायचो. त्याच खोलीत काचेच्या पेटीत राज्याचं रत्न असतं, खाणीतून निघालं तसं तपकिरी, पैलू न पाडलेलं. (तू ते पाहून म्हणालीस, "असे माझ्या अंगणात पडलेत." तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.)

तर गेल्या महिन्यात, तू आली होतीस त्याच दिवशी सकाळी, पेटी पुसायला मी रत्न काढून खिडकीत त्या दगडाशेजारी ठेवलं. तेवढ्यात खाली पर्यटकांनी घंटा वाजवली. तीन जिने उतरलो, पुन्हा चढलो आणि धापा टाकत एक तपकिरी दगड पेटीत ठेवून कुलूप लावलं. परवा पत्र आलं, की गुरुवारी रत्नपारखी तपासणीला येणार. पेटीत निरखून पाहिलं तर काय, दगडाला खिडकीचा हिरवा रंग लागलेला! महिनाभर लोक 'काय तेज आहे' म्हणत होते आणि मीही मान डोलावत होतो. निवृत्तीला सात महिने राहिलेत गं. एकोणतीस वर्षं हे जिने झिजवले आणि शेवटी 'रत्न हरवणारा' म्हणून बाहेर पडायचं!

काळजी घे.

तुझा एकुलता एक भाचा

ता. क. त्या दिवशी निघताना तू दाराला लावायला दगड मागितलास, आणि खिडकीत उरलेला मीच तुझ्या पिशवीत घातला. तो घासू नकोस, धुऊ नकोस, तसाच कापडात गुंडाळून पाठव. दाराला तोवर खुर्ची लाव.

ता. क. २. पाकीट चिकटवणार इतक्यात पारखी एक दिवस आधीच आला. भिंगातून बराच वेळ पाहून म्हणाला, ही हिरवी छटा फार दुर्मिळ, अहवालात खास लिहितो. म्हणजे मी वाचलो. तरी आत्या, दगड पाठवच. एकोणतीस वर्षांत मी इथे कुणाला खोटं सांगितलं नाही, आता सात महिने ती छटा दाखवत उभं राहणं मला जमायचं नाही. शिवाय सुतळीने बांधलेली खिडकी आपटते ती वेगळीच.