वहाणांना तेल

विलायत, जून १९४५

तीर्थरूप आईच्या पायांवर नाथाजीचं डोकं.

जर्मनांच्या कैदेतनं सुटून मी हितल्या दवाखान्यात हाय. खायाला बरं मिळतं, घोर करू नको. म्हस व्याली का? शेजारच्या राहीबाईचा खोकला थांबला का?

काल आमाला एका जुन्या रानात फिराय नेलं. झाडं आपल्या देवराईपरीस म्हातारी. मधी मातीचे उंच बांध आन् खोल चर. हजारो वर्सांमागं माणसांनी हातानं रचल्यात म्हणं. चराकडं मी लय बघितलं न्हाई, लढाई आठवती. बांधावर हरणं चरत हुती. पळाली न्हाईत. आमच्यासारख्यांना कशाला भितील?

देवराईत पायताण घालून जात न्हाईत, म्हणून मी हितंबी बूट काढाय खाली बसलो. उजवा काढला. हात सवयीनं डाव्याकडं गेला, आन् तितं काय न्हाई.

आई, कैदेतल्या थंडीनं डावा पाय सडला. हिवाळ्यात गुडघ्यापासनं कापला. तुला कळवायचा धीर झाला न्हाई.

घरी ठेवलेल्या माझ्या वहाणांना दर अमुशाला तेल लावतीस न्हवं? आता उजवीलाच लाव.

तुझा
नाथाजी