अक्काची लाथ

घणसोली, ४ फेब्रुवारी १९९९

ती. भिमाअक्कास,
ज्योतिबाचा शि. सा. न. वि. वि.

पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, त्याचा बंदोबस्त झाला. जांघेतून आत नळी बसवली. पोट फाडलं नाही, म्हणून वाशीच्या बाजारात कुणी ऑपरेशनवर विश्वास ठेवत नाही. दाखवावं तर जागा अडचणीची.

आज निराळंच झालं. कांद्याच्या गाळ्यावर बसल्या बसल्या पाठीत उसण भरली, पोतं टरकन फाटावं तशी. तुझी भावजय शालन म्हणते, डॉक्टरांकडे चला. मी म्हटलं, नळी पोटात, दुखतंय पाठीत, डॉक्टरांचा काय संबंध? उसणीला पायाळू माणसाची लाथच लागते. आपला हमाल मधुकर म्हणाला, मी पायाळू आहे. त्याच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, तो डोक्याकडूनच जन्मला, त्याला फक्त शेठला लाथ मारायचीय.

तू अस्सल पायाळू. सयाजीच्या टेम्पोने चिठ्ठी पाठवतोय, त्यातूनच ये. दुखणं सकाळी खांद्यांच्या मधे होतं, आता कमरेशी आलंय. निघायच्या बेतात दिसतंय.

लोभ असावा, आणि लाथ जोरात.
ज्योतिबा

कोरेगाव, ५ फेब्रुवारी

चि. ज्योतिबास अ. उ. आ.

माझ्या लाथेने निम्मं गाव सरळ झालं, तुझे दाजीसुद्धा. पण उसण एका जागी बसते, फिरायला जात नाही. हे दुसरंच काहीतरी आहे. मी लाथ मारणार नाही. चिठ्ठी मिळताच दवाखाना गाठ. सयाजीला बजावलंय, ऐकला नाहीस तर कांद्यांवर घालून नेईल. मी एस.टी.ने येतेच आहे. घरी सापडलास तर लाथ मिळेल, पण पाठीत नाही.

मला अक्का म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का

दवाखाना, ७ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न.

तुला आत सोडत नाहीत, म्हणून सिस्टरच्या हाती ही चिठ्ठी. वॉचमनशी भांडू नको. इथवर ऐकू येतं आणि यंत्रावर माझं प्रेशर चढतं.

पडद्याआड डॉक्टर बोलत होते, तेही ऐकलं. नळी जागेवर आहे, पण तिच्या वर, छातीकडे, तीच रक्तवाहिनी आतल्या अस्तराला चिरलीय आणि रक्त दोन थरांमध्ये घुसलंय. बाहेरचा थर शाबूत आहे, म्हणून मी आहे. सध्या कापाकापी नाही, औषधाने प्रेशर खाली ठेवायचं.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, घरी मालिश वगैरे केलं का? मी म्हटलं, लाथ मागवली होती, आली नाही. सगळं सांगितलं तसे ते खुर्चीत बसलेच. म्हणाले, ती बसली असती तर तुम्ही इथे नसता.

मग इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, बाई अजून किती दिवस आहेत इथे? त्यांची स्वतःचीच कंबर धरलीय.

लोभ आहे तसाच राहू दे. लाथ जपून ठेव, गिऱ्हाईक मिळालंय.

तुझा,
ज्योतिबा