येताना एक हट्टी डाग आणा

ता. ९, मंगळवार, दुपार

ती. वन्सं,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय आणि तुम्ही रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला जाता, हे मला सूनबाईकडून कळलं. तिच्यावर रागवू नका, मीच खोदून खोदून विचारलं. भाऊजींचा खोकला थांबला का? मी बरी आहे. दोन्ही वेळा जेवते, संध्याकाळी फिरून येते, वाचनालयातून आणलेलं जाडजूड पुस्तक निम्मं झालंय. त्यातली बाई पानापानावर रडते. पुढे सुधारेल या आशेवर वाचते आहे.

फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही बोलायचात आणि मी "हो, हो" करायची. मग फोन ठेवल्यावर मला माझी उत्तरं सुचायची. कागदावर कुणी मध्येच तोडत नाही.

तुमचा निरोप मिळाला. रविवारी तुमचा मुलगा टेम्पो घेऊन येणार, मी भांडी वाटून टाकायची, कपड्यांची एकच पेटी घ्यायची आणि खुर्ची मात्र चादरीत गुंडाळून नीट बांधायची. "आता ते घर कसलं," असंही तुम्ही म्हणालात म्हणे.

वन्सं, टेम्पो पाठवू नका. मी येत नाही.

शब्द मीच दिला होता, ते मी विसरलेले नाही. "हा एक कार्यक्रम करून बघते. जमला नाही तर तुमच्या मागच्या खोलीत येऊन राहीन." तुम्ही "बरं" म्हणालात आणि लक्ष ठेवायला सूनबाईला पाठवलंत. तिनं घरी येऊन सांगितलं की मामींनी भर बैठकीत माझा हात धरला, जोरात बोलल्या आणि सगळ्या गप्प झाल्या. ते खरं आहे. पण ती लवकर निघाली. पुढचं तिला ठाऊक नाही, म्हणून तुम्हालाही नाही. तर आता पहिल्यापासून सांगते.

मी जिचा माल विकायला घेतला, त्या कंपनीचा नियम असा, की नव्या बाईनं आपल्या घरी बायका बोलवायच्या, माल दाखवायचा आणि मागण्या घ्यायच्या. पुरेशा मागण्या आल्या तर काम तिचं, नाही तर नमुने परत. इतर बायकांना नमुन्यांची भरलेली बॅग मिळते. आमच्या मुख्य बाईंनी माझ्या हातात डाग काढायच्या औषधाच्या तीन बाटल्या, एक ब्रश आणि एक साबणाची वडी ठेवली. त्यातली एक बाटली कुणीतरी आधीच निम्मी वापरलेली. मी म्हटलं, "बाई, एवढ्यात काय होणार?" तर म्हणाल्या, "तुमचं वय बघता एवढं पुरे." मी वयाचं काही विचारलं नव्हतं, माल मागितला होता. पण नवीन नोकरीत पहिल्याच दिवशी भांडायचं नाही, असं तुमचे भाऊ सांगायचे. ते स्वतः दर वेळी भांडून यायचे, ती गोष्ट वेगळी.

घरी आणून सगळं टेबलावर मांडलं. पाहुण्यांना जेवायला बसवून ताटात नुसतं मीठ वाढावं तसं दिसत होतं. बाटल्या लांब लांब ठेवून पाहिल्या, जवळ जवळ ठेवून पाहिल्या. मध्ये फुलदाणी ठेवली तर सगळ्यांनी फुलदाणीच विकत मागितली असती. सोबत एक छापील कागद होता, बोलायचं काय ते पाठ करायला. पहिलं वाक्य, "प्रिय भगिनींनो, डाग हा सुखी संसाराचा शत्रू आहे." वन्सं, चौथीत शाळा सुटल्यावर मी वाण्याकडच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायला शिकले. तेव्हापासून जे हाताला लागेल ते वाचते. पण इतकं खोटं वाक्य क्वचित वाचलंय. कागद बाटल्यांखालचं पुसायला घेतला.

मग सुचलं. दाखवायला माल कमी आहे, तर बाकीचं येणाऱ्या बायकांनाच आणायला सांगू. दारोदार जाऊन प्रत्येकीला म्हटलं, "चहाला या, आणि येताना घरातला एक हट्टी डाग आणा."

सगळ्या आल्या. रिकाम्या हातानं कुणीच आली नाही.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई मशीनचं तेल सांडलेला ब्लाउज घेऊन आल्या. गिऱ्हाइकाचा होता आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचं होतं. तोंड पांढरं पडलेलं, पण बोलणं तेच. "निघालं तर घेईन. नाही निघालं तर तुझ्या नावानं बिल फाडीन." वरच्या मजल्यावरच्या आजी नातवाचा रुमाल घेऊन आल्या. त्यावर लाल ओठ उमटलेले. मी बाटली उघडली तर रुमाल मागे ओढला. "काढू नकोस गं बाई! फक्त कुणाचे ते सांग." हसून हसून शिंपीणबाईंचा चहा सांडला. म्हणजे आणखी एक डाग झाला. माझ्या टेबलावर मीठच होतं, पण त्या बायकांनी बाकीचं जेवण आणलं.

काम कसं करायचं ते मी आठवडाभर माझ्याच जुन्या कपड्यांवर करून शिकले होते. खाली कोरडं फडकं, कडेकडून आत थेंब सोडायचे, घासायचं नाही, थांबायचं. त्या थांबण्यातच खरी गंमत. औषध आपलं काम करतं आणि बायका बोलतात. हा डाग कसा पडला, त्या दिवशी काय झालं, घरात कोण कुणाला काय बोललं. ब्लाउजचा डाग निघाला. शिंपीणबाई उजेडात धरून उलटापालटा करून बघत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या, यावरून ओळखा. तुमची सूनबाईसुद्धा रंगात आली होती. "मामी, द्या मी करते," म्हणून तिनं एक बाटली हातात घेतली. छान करत होती.

तेवढ्यात कुणीतरी उशिरा आलं आणि बसायला जागा नव्हती. सूनबाईनं कोपऱ्यातल्या खुर्चीवरची चादर काढली.

ती चादर मीच घातली होती. डाग काढायचं औषध विकायला बसलेल्या बाईच्या खोलीत तशी खुर्ची दिसू नये म्हणून. तुम्हाला माहीतच आहे. पाठीला, जिथं डोकं टेकतं तिथं, हातभर रुंद काळपट डाग. तुमच्या भावाच्या तेलाचा. रोज आंघोळीनंतर डोकं तेलानं चपचपीत आणि पाचव्या मिनिटाला खुर्चीत. मी टॉवेल टाकायची, ते काढून मांडीवर घ्यायचे. ही सवय त्यांना कुणी लावली ते मी सांगायला नको. तुम्ही त्यांना गुडघ्यांत धरून तेल थापायचात आणि ते पळायला बघायचे, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथं होते असं वाटतं.

सगळ्यांना खुर्ची दिसली. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, खरा हट्टी डाग तर घरातच आहे!" पुन्हा हसू. सूनबाईच्या हातात बाटली होतीच. तिला वाटलं, मामींना मदत करावी. "बघा हं आता," म्हणाली आणि थेंब सोडले. मी टेबलाच्या पलीकडे होते. पोचेपर्यंत तिनं फडक्यानं टिपलं होतं.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं, तिच्या बांगडीचा वळ माझ्याच तळव्यावर उठला. आणि म्हटलं, "तो डाग नाही. हात लावायचा नाही त्याला." नुसतं म्हटलं नाही, ओरडले. तिनं तुम्हाला सौम्य करून सांगितलं असणार, चांगली आहे पोर.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. तिला दारापर्यंत सोडायला गेले, पण माफी मागणं मला तेव्हा जमलं नाही. काल फोन करून मागितली आहे.

परत आत आले तर सगळ्या तशाच बसलेल्या. मला वाटलं, संपलं. आता या उठतील, नमुने परत जातील आणि रविवारी टेम्पो येईल. तुमची मागची खोली डोळ्यांपुढे आली. खोली चांगली आहे, वन्सं, खिडकीही आहे. पण तिथं मी कुणाची तरी कोण म्हणून असेन. इथं मी आहे.

पुस्तकातली बाई असती तर रडली असती. मी म्हटलं, "औषध चांगलं आहे. लावलं तर तो पूर्ण निघेल, एका दुपारीत. मला माहीत आहे, म्हणूनच मी लावत नाही. तुम्ही तुमचं बघा. जिला डाग ठेवायचाय तिनं ठेवावा, जिला काढायचाय तिनं औषध घ्यावं. चहा कुणाला?"

आधी आजी उठल्या. रुमाल पदरात खोचला आणि म्हणाल्या, "मला अर्धा कप." मग शिंपीणबाई. "माझं नाव लिही. दोन बाटल्या. आणि त्या तुझ्या मुख्य बाईला सांग, पुढच्या वेळी बॅग भरून दे, नाही तर मी येते." मग बाकीच्या. वन्सं, मागण्या पुरेशा झाल्या. मुख्य बाईंनी काल बॅग पाठवली. बॅगेवर "वय बघता" असं काही लिहिलेलं नाही, मी दोन्ही बाजूंनी बघितलं.

तेव्हा मी दिलेला शब्द पाळला. आता तुम्ही "बरं" म्हणालात ते पाळा. घरात बायका जमवून माल विकते म्हणून तुमच्या भावाचं नाव जातं, असं तुम्हाला वाटतं. त्यांचं नाव मला ठाऊक आहे. ते जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करत लोकांच्या घरी गेले, मी लोकांना माझ्या घरी बोलावते. मला यात खाली बघण्यासारखं काही दिसत नाही आणि मी बघणारही नाही.

राहिली खुर्ची.

तुम्ही माझ्याकडून दुसरं काहीच मागितलं नाहीत. त्यांचं घड्याळ नाही, शाल नाही. फक्त खुर्ची. ते जाऊन वर्ष झालं, तुम्ही या घरात एकदाही आला नाहीत. निरोप पाठवता, सूनबाईला पाठवता, टेम्पो पाठवता. पूर्वी फोन उचलला की "वहिनी" म्हणायचात. आता सूनबाईला म्हणता, "तिला सांग." मी रागानं लिहीत नाही. मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशी झाले. परवा सूनबाईचं मनगट धरलं तेव्हा कळलं. मी चादर घालते, तुम्ही येत नाही. आपलं दोघींचं एकच चाललंय.

आणखी एक गोष्ट, जी मी सूनबाईला फोनवर सांगितली नाही. तिनं टिपलं तिथं नाण्याएवढी जागा स्वच्छ झाली आहे. आत हिरवा रंग आहे, कोवळ्या पानासारखा. मी विसरलेच होते. खुर्ची घेताना आमचं दुकानात भांडण झालं होतं. ते म्हणत होते तपकिरी घेऊ, मळ दिसत नाही. मी म्हटलं, हिरवीच. माझं ऐकलं. आणि मग रोज डोकं टेकून टेकून शेवटी त्यांनी ती तपकिरी करूनच दाखवली.

मी त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी होते. मग खुर्चीत बसले. वर्षात पहिल्यांदा. डोकं टेकलं. अजून वास आहे, वन्सं. थोडा आहे, पण आहे.

चादर धुऊन कपाटात ठेवली. पुढची बैठक या शनिवारी आहे आणि खुर्ची उघडीच राहणार आहे. कुणी विचारलं तर सांगेन.

तेव्हा रविवारी टेम्पो नको, पण मुलाला साधी गाडी घेऊन पाठवा, आणि तिच्यात तुम्ही बसून या. जिना चढायला नको, मी तळमजल्यावर आहे हे तुम्हाला आठवत असेलच. तेलाची बाटली अजून त्याच फळीवर आहे. खुर्ची मी देणार नाही. पण दुपारभर तुम्ही तिच्यात बसा, मी समोर स्टुलावर बसते.

भाऊजींना नमस्कार. सूनबाईला सांगा, शनिवारी ती बाटली हाताळायला नक्की ये, तिचा हात हलका आहे.

त्याच घरातून,
तुमची वहिनी