हर्षालीचे ठोके

१८ नोव्हेंबर

आज पुन्हा पडली! मी गोठ्यात शेण भरत होते. शेजारच्या धोंडामावशींनी उसाच्या कडेला फटाका लावला — बिबट्या दिसला म्हणे — आणि इकडे अंगणात हर्षाली धाडकन खाली. डोळे पांढरे. मी कांदा फोडून नाकाशी धरला. मिनिटभरात उठली नि विचारते, मी झोपले होते का? आठ वर्षांची पोर माझी!

तिसरी खेप ही. गावच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्यात. सासूबाई म्हणतात, फिट कसली, बिबट्याची धास्ती घेतलीय पोरीनं. मलाही तेच वाटतं.

२२ नोव्हेंबर

ह्यांनी आळेफाट्याहून फटाक्यांची पेटीच आणली. उद्यापासून रोज दिवस मावळला की चार लावायचे. जनावर पिंपळवंडीच्या शिवारातच राहणार नाही, मग पोर कशाला घाबरतेय! मीच म्हटलं होतं, आणा.

२३ नोव्हेंबर

पहिल्याच फटाक्याला पडली. ओठ निळे पडले. उठायला लई वेळ लागला.

२६ नोव्हेंबर

पुण्याला लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई आहेत, शांत. ईसीजीचा पट्टा टेबलावर पसरून बराच वेळ मोजत बसल्या. मग विचारलं, पडायच्या आधी काय होतं? मी एकेक खेप आठवली. चारही वेळा फटाका!

ही फिट नाही. धास्तीही नाही. जन्मापासूनचं आहे, हजारात एखाद्याला असतं. अचानक मोठा आवाज झाला की हिचे ठोके सैरभैर होतात. बाई म्हणाल्या, "एखाद्या वेळी ती उठणारच नाही." रोज गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. गजर नको. फटाका तर नकोच. आमच्या दोघांचेही पट्टे काढले, ते नीट निघाले.

आणि आम्ही पेटी आणली होती! घरी आल्या आल्या ह्यांनी पेटी हौदात बुडवली.

२८ नोव्हेंबर

वस्तीवरच्या सातही घरी जाऊन हात जोडले. सहा घरं हो म्हणाली. धोंडामावशी बांधावरच अडून बसल्या. "पोरीचं वाईट वाटतं गं. पन मागल्या महिन्यात माझी शेळी नेली त्यानं. फटाका न्हाई लावायचा तर काय ओवाळू त्याला?"

राग आला. पण एकटी बाई, शेळ्यांवरच चालतं तिचं. मी तिच्या जागी असते तर? तरी राग गेला नाही.

३ डिसेंबर

गोळी दिली. शाळेत गुरुजींनी घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलंय. देव भलं करो त्यांचं.

९ डिसेंबर

गोळी दिली. शेजारच्या फडात ऊसतोड लागली. आता उसात दडलेले बिबटे बाहेर पडणार. दिवसभर कान मावशींच्या घराकडे. भाजी दोनदा करपली.

१२ डिसेंबर

संध्याकाळी कुत्री भुंकली. हर्षाली अंगणात होती. तिला आत ओढलं आणि कान दाबून बसले. काहीच आवाज नाही.

मावशींची गाभण शेळी गेली. मी धावत गेले तर फटाका नि काडेपेटी त्यांच्या हातात तशीच. म्हणाल्या, "पोरगी दिसत व्हती अंगणात."