करवत चालू असताना लावलेला बायस

मंगळवार, ११ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही असावास.

नऊ वर्षांनी पत्र लिहिण्याचं कारण तूच दिलंस. काल टेंपोवाल्यानं तुझा अँप्लिफायर दुकानाच्या पायरीवर ठेवला. मुठीला तुझी चिठ्ठी बांधलेली होती: "पॉवर ट्यूब बदलणे. बायस दादानेच लावावा. दुसऱ्या कुणी हात लावू नये." खाली ना सही, ना नमस्कार. यातलं पहिलं काम झालं आहे. दुसरं होणार नाही. का, ते सांगायला हे पत्र.

आधी म्हशीची तब्येत. मागचं झाकण काढलं तर आत बोटभर धूळ, गिटारच्या तुटलेल्या दोन तारा आणि एक मेलेली पाल. दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह (ट्यूब तुम्ही वाजवणारे म्हणता, या दुकानात ते व्हॉल्व्हच आहेत) दोन वेगळ्या जातींचे होते. एक थकलेला, एक नवा. ज्यानं कुणी ही जोडी जमवली त्याला पुन्हा दारात उभं करू नकोस. मोठा ट्रान्सफॉर्मर मात्र बदलणाऱ्यानं बरा बदलला आहे. सोल्डर ओबडधोबड, पण पक्कं.

चालू केल्यावर मिनिटभर तशीच घुमली. आतले तांबडे ठिपके हळूहळू फुलले, तापलेल्या धुळीचा वास दुकानभर पसरला, आणि मी स्टुलावर बसून राहिले. एरवी मी कामात बसून राहणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे.

ह्यांनी ती तुझ्यासाठी बनवली तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. उचलायला दोन माणसं लागायची म्हणून नाव पडलं म्हैस. तू तार छेडलीस की शेजारचा शिंपी गज भिंतीवर आपटायचा. "वहिनी, म्हैस व्याली का हो?" मी इकडून ओरडायची, "व्याली! खरवस न्यायला भांडं घेऊन या!" शिंपी गेला. त्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे आणि भिंत शांत असते.

ह्यांनी तुला शिकवलेला पहिला नियम आठवतो? आत विजेचा दाब असताना काम करायचं तर एकाच हातानं, डावा पाठीशी. म्हणजे झटका बसलाच तरी छातीतून आरपार जाणार नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. त्या वर्षी तू दूधसुद्धा डावा हात पाठीशी धरून प्यायचास. मी विचारलं तर म्हणालास, "वहिनी, सवय नको का?" पुढे बायस म्हणजे काय, हेही तूच विचारलंस. हे म्हणाले, "व्हॉल्व्हमधून किती वीज वाहू द्यायची, त्याचा लगाम. फार खेचला तर घोडा हलत नाही, सैल सोडला तर उधळतो आणि मरतो." तू म्हणालास, "पण दादा, आपली तर म्हैस!" दोघं भाऊ इतके हसलात की माझ्या हातातला मीटर पडला.

मीटर माझ्याच हातात असायचा. तो का, हे तू कधी विचारलं नाहीस.

आता मुद्द्यावर येते. मघापासून टाळते आहे.

ह्यांना ऐकू येत नाही. आज नाही, काल नाही. पंधरा वर्षं झाली. आधी वरचे सूर गेले, मग व्हॉल्व्हची किरकिर, मग माणसं. तू घर सोडलंस तेव्हा ह्यांना समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणं कळायचं, एरवी नाही. तुला ते ध्यानात आलं नाही, कारण ह्यांनी येऊ दिलं नाही. अँप्लिफायर दुरुस्त करणारा बहिरा आहे हे बाहेर गेलं असतं तर दुकानात कुत्रं फिरकलं नसतं. तू विचारलेल्या प्रश्नाला हे हसून "बघू" म्हणायचे. तू त्याला दादाचा मिश्कीलपणा समजायचास.

कान जायला लागले तेव्हापासून तू जाईपर्यंतची सहा वर्षं तुझ्या म्हशीला लगाम घातला तो मी. भौतिकशास्त्राची पदवी भिंतीवर टांगून मी नुसती मीटर धरायला उभी नव्हते. तू वाजवून बघायचास आणि म्हणायचास, "दादाच्या हाताची सर कुणाला नाही!" हे मान डोलवायचे. मी पाठमोरी उभी राहून टेबल पुसायची. खरं सांगते, आनंद व्हायचा. थोडं टोचायचंही.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नोंद असते, ती तू कधी वाचली नसशील. प्रत्येक वेळी तारीख, मग लाइनचं व्होल्टेज, मग दोन व्हॉल्व्हचे दोन आकडे. आधीच्या ओळी ह्यांच्या मुंगीच्या अक्षरात आहेत. नंतरच्या माझ्या, शाळेतल्या बाईंसारख्या. माझी शेवटची ओळ तुझ्या त्या कार्यक्रमाच्या दिवसाची आहे. त्या ओळीत व्होल्टेजची जागा कोरी आहे.

काल ती कोरी जागा नऊ वर्षांनी पाहिली. भुतासारखी समोर उभी राहिली.

समोरच्या वखारीतली करवत तुला आठवते. ती सुरू झाली की आपल्या दिव्यांचा जीव जायचा. लाइन दोनशेच्याही खाली. म्हणून ह्यांचा दुसरा नियम होता: करवत बंद झाल्याशिवाय बायस लावायचा नाही. अशा मेलेल्या लाइनवर मीटर आकडा बरोबर दाखवतो, पण पुढे पुरी लाइन मिळाली की तोच लगाम सैल पडतो. व्हॉल्व्ह आतून लाल होतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. वखारीची जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबायचं, एवढंच करायचं होतं. त्या दिवशी वखारीत काम फार होतं, त्यांनी सुट्टीच घेतली नाही. आणि आम्हाला चार वाजता कानाच्या डॉक्टरांकडे पोचायचं होतं. तुला न सांगता. मी थांबले नाही. लाइन मोजली तर थांबावं लागेल, म्हणून मोजलीसुद्धा नाही.

करवत मला ऐकू येत होती, धाकट्या. ह्यांना येत नव्हती.

पुढचं तू जगलास. बाहेरगावचे वाद्यवृंदवाले तुला वर्षभराच्या दौऱ्यावर न्यायला म्हणून ऐकायला आले होते. सभागृहात पुरी लाइन होती. तिसऱ्या गाण्यात धूर निघाला. दौरा दुसऱ्याच कुणाला मिळाला. सकाळी तू दुकानात उभा राहून ओरडलास, "चारचौघांत माझी लाज काढलीस, दादा! हात चालत नसतील तर दुकानाला कुलूप लाव!" मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. जोरात. आणि म्हणाले, "चुकलं माझं."

तू गेल्यावर मी भांडले. हे म्हणाले, "एकदा त्याची आई गेली. दुसऱ्यांदा घालवू? भावाशी काय, भांडतातच लोक." ह्यांचा अंदाज साफ चुकला. तू भावाबरोबर वहिनीलाही सोडलंस. आणि मी? मी गप्प राहिले. ह्यांचा पाय माझ्या पायावर एक मिनिट होता. नऊ वर्षं नव्हता.

आणखी एक. तू उंबऱ्यातून मागे वळून काहीतरी बोललास, ते ह्यांना दिसलं नाही. "काय म्हणाला?" हे विचारत राहिले. तू म्हणाला होतास, "मला भाऊ नाही." मी सांगितलं, "राग शांत झाला की येतो म्हणाला." तेव्हापासून ह्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून आहे. पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून.

काल तुझी चिठ्ठी वाचून हे तिथूनच ओरडले. आता बोलतात ते अख्ख्या गल्लीसाठी बोलतात. "लाव तू बायस! मी लावला असं सांग!"

मी पाटीवर लिहिलं, "आता खोटं नाही."

"अगं, एवढी वर्षं निभावलं ना?"

"तुम्ही निभावलंत. मी लपले," मी लिहिलं.

ह्यांनी पाटी वाचली. मग खुर्ची ओढून म्हशीजवळ आले, तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "छत्तीसच्या वर जाऊ नकोस. तो जोरात वाजवतो." वखार बंद होईपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मगच मी लावला. घुमणं तळव्याला लागलं तेव्हा ह्यांनी डोळे मिटले.

राग धरायचा तर माझ्यावर धर, तो माझा आहे. पण ह्यांना दोन ओळी लिही. फोन करू नकोस, उपयोग नाही. आलास तर फारच बरं. समोर बस, उजेडात बस, सावकाश बोल. मिशी ठेवली असशील तर काढून ये, ओठ दिसले पाहिजेत. आणि उंबऱ्यातलं ते वाक्य ह्यांना सांगायचं की नाही, हे तू ठरव. मी आता तुझ्या वतीनं काही बोलणार नाही.

तुझी दौऱ्याची वाट जिच्या घाईनं बुडाली, ती,
तुझी वहिनी

टेंपोवाल्याच्या ताब्यात, गुरुवारी सकाळी दिलं:

अँप्लिफायर, एक. साफ केलेला.
नवे पॉवर व्हॉल्व्ह, दोन, एकाच जातीचे, बसवलेले. लाइन २३१. पहिला ३६, दुसरा ३५. लावणारी: वहिनी.
काढलेले जुने व्हॉल्व्ह, दोन, कापडात गुंडाळून. पुन्हा वापरू नये.
मागचं झाकण, एक. स्क्रू सहापैकी तीन. बाकीचे तीन ह्यांनी मुठीत धरले आहेत, दाराकडे बघत. मागितले, तर म्हणतात ऐकू येत नाही. पाटीवर लिहून मागितले, तर म्हणतात चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर आहे.