टिकवायला काय घालू?

सलातिगा,
९ ऑगस्ट २०१९

प्रिय रेत्नोताईस,

वुर्यानीचा सलाम. तू सुराबायात सुखरूप असशील, कारखान्यातली पाळी आता दिवसाची झाली असेल, असं धरून चालते. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

इकडचं ठीक. मागच्या फणसाला यंदा फळ कमी. बाबांच्या कबरीभोवतीचं गवत काढून घेतलं. आई बरी आहे, जेवते.

कामाचं विचारते. आईच्या कोरफडीच्या क्रीममध्ये टिकवायला काय घालू? वाचून वाचून डोकं शिणलं. मी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घालत होते. त्यानं तेल तेवढं खवट व्हायचं थांबतं, जंतूंना ढिम्म काही होत नाही, हे आत्ता कळलं. सरबतात घालतात ते सोडियम बेंझोएट बाजारात मिळतं, पण म्हणे पदार्थ आंबट असेल तरच ते काम करतं, आणि आपलं क्रीम आंबटपणा मोजायच्या कागदी पट्टीवर साडेसहा दाखवतं, म्हणजे आंबट नाहीच. दुसरं फिनॉक्सीइथेनॉल. दुकानदार म्हणतो, शंभराला एक. पण त्याला विकायचंच आहे. तू त्या क्रीमच्या कारखान्यात रोज हेच मोजतेस.

तीन वर्षांपूर्वी ईदला तू हेच सांगत होतीस. पाणी आलं की जंतू आलेच, टिकवणारं काहीतरी घाल. घर बायकांनी भरलेलं होतं. मी म्हणाले, "कारखान्यात राहून ताईला आईच्या हातापेक्षा बाटलीतलं औषध खरं वाटायला लागलंय." सगळ्या हसल्या. आईही. तू ताट तसंच ठेवून बस पकडलीस.

आई बरी आहे असं वर लिहिलं. ते पुरतं खरं नाही. जूनमध्ये तिच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली.

तिच्या साखरेचं तुला माहीत आहे. टाचेला, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या. मी दोन वेळा आपलंच क्रीम चोळत होते. डबी दोन महिन्यांची, न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवलेली, ओल्या बोटांनी घेतलेली. पांढरंशुभ्र दिसत होतं, वास नव्हता. मग पाय सुजला, ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, भेगांना काय लावत होता? मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "नुसतं खोबरेल."

आणि मी तिची पिशवी धरून उभी राहिले, ताई. 

घरी येऊन डबी उजेडात धरली. झाकणाच्या कडेला आतून राखाडी ठिपके होते. पुढच्या आठवड्यात एकटीच जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, साखर असली की कुठलीही भेग चिघळते, डबीचंच म्हणून सांगता येणार नाही. पण फेकून द्या. मला त्यातलं 'फेकून द्या' एवढंच ऐकू आलं.

शेजारीपाजारी दिलेल्या डब्या परत आणायला घरोघर फिरले. पहिल्या दोन-तीन घरी म्हटलं, वास बिघडलाय. शेजारच्या सुमियेमकडे तिच्या तान्ह्याच्या टाळूला तेच चोपडलेलं दिसलं, आणि मला खोटं रेटेना. सगळं सांगितलं.  ती नेसलेल्या सारोंगच्या टोकानं बाळाचं डोकं पुसत राहिली. बाळ ठणठणीत आहे. सुमियेम मात्र त्यानंतर आमच्या दारात आलेली नाही. मग उलट फिरून त्या पहिल्या दोन-तीन घरीही खरं सांगून आले.

त्यानंतर भांडी धुऊन पालथी घातली. आता पुरे, असंच ठरवलं होतं. खरंच थकलेय गं. आईची जखम पुसायची, तिला काठीवर चालवायचं, आणि तिनं मला एकदाही बोल लावायचा नाही.

गेल्या शुक्रवारी पट्टी बदलताना ती म्हणाली, "बंद कशाला करतेस? रेत्नोला विचार, काय घालायचं ते. मी तेव्हा हसायला नको होतं." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

ती तिचं बोलली. माझं मलाच लिहायला हवं. तुझं खरं होतं, आणि मला ते तेव्हाही थोडं कळत होतं. तू शिकलीस, मी आईजवळ राहिले. निदान तिची कृती तरी माझी एकटीची असावी, असं वाटायचं. म्हणून हसवलं सगळ्यांना.

आईला भेटायला ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. यायचं नसेल, तर नुसतं नाव आणि प्रमाण लिहून पाठव. तू लिहिशील तेच घालीन, कुणाला विचारणार नाही.

आईचे पाय रोज धुणारी,
तुझी वुर्यानी